पाण्याचा रकाना

सुरुवातीलाच माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी एखाद्या विक्षिप्त माणसावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हणून बसलो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या माणसाचं आयुष्य कागदावर मांडायचा अधिकार मला कोणी दिला, हे मला माहीत नाही. ज्यांच्यावर लिहितो आहे ते यंदाच्या श्रावणात वारले, त्यामुळे त्यांना विचारताही येत नाही. लेख गमतीचा होईल, असंही मी संपादकांना सांगितलं होतं. तेवढं मात्र जमलं नाही.

ते माझे घरमालक होते. मी गावाहून नागपूरला बी.ए.ला आलो तेव्हा हॉस्टेलमधल्या जागा संपल्या होत्या. नंदनवन वस्तीत एक खोली आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून ट्रंक घेऊन गेलो. अंगणात एक उंच, हाडकुळे गृहस्थ सायकल उलटी करून तिचं चाक फिरवत बसले होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी हात पुसले, उभे राहिले आणि आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, "आम्ही बौद्ध आहो. छप्पन साली दीक्षा घेतली. आता सांग बाबू, खोली पाह्यजे का?"

मी हिंदू शेतकऱ्याचा मुलगा. अशा घरी राहतो म्हटलं असतं तर आमच्या गावात कोणी पुढचं ऐकूनही घेतलं नसतं. मी हो म्हटलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पाणी आणलं, ते मी घटाघटा प्यालो आणि मनातल्या मनात स्वतःला फार मोठा समजलो. घरी पाठवलेल्या पत्रात मात्र एवढंच लिहिलं की घरमालक सरकारी नोकरीत आहेत.

नोकरी एका सरकारी कचेरीत, ट्रेसरची. साहेब लोकांनी काढलेले नद्यांचे आणि कालव्यांचे नकाशे मेणचट पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. चुकलेलं किंवा फेकून दिलेलं कापड ते घरी आणत. काकू ते गरम पाण्यात उकळत. वरची खळ निघून गेली की खालून मलमलीसारखं मऊ सुती कापड निघे, आणि त्याचे रुमाल होत. काही रुमालांवर फिकट रेघ राहून गेलेली असे. नाक पुसता पुसता ते एखाद्या वेळी थांबत, रुमाल उजेडात धरत आणि म्हणत, "हे चुलबंद नदी हाय वाट्टे."

घराच्या मागून नागनदी वाहते. नदी म्हणायची, एवढंच. सगळ्या शहराची घाण घेऊन ती काळी होऊन जाते. मी पहिल्यांदा नाक दाबलं तेव्हा ते म्हणाले, "नाक नको दाबू गा. हेच पाणी समुद्रात जाते." आणि जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. ही कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याला गोदावरी, मग भद्राचलम, राजमहेंद्री आणि शेवटी समुद्र. या पाण्याच्या काठाकाठानं, घरापासून समुद्रापर्यंत, सायकलीनं जायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. सगळ्या कचेरीला ते माहीत होतं आणि सगळी कचेरी हसत असे.

"समुद्रावर जाऊन काय करशील गा?" एका साहेबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे. "तिथचं पाणी त पिताबी येत नाही."

"म्हणूनच जाऊन राहिलो साहेब," हे म्हणाले. "तिथं सगळेच तहानलेले."

हे ते स्वतःच हसत सांगत. साहेब हसले होते की नाही, ते सांगत नसत.

समुद्रासाठी त्यांनी एक वही केली होती. लांबट, कचेरीतल्या रजिस्टरासारखी. तीन रकाने होते: रस्ता, नदी, पाणी. रस्त्याच्या रकान्यात कुठे रेती, कुठे बाभळीचे काटे, कुठे चढ. नदीच्या रकान्यात कुठे उतार, कुठे डोंगा, म्हणजे लाकडी होडी, डोंग्यात सायकल आडवी ठेवायची की उभी. वहीचा नियम एकच. जे दुसऱ्यानं सांगितलं ते पेन्सिलीनं लिहायचं, आणि जिथं स्वतः सायकल घेऊन गेलो ते शाईनं. शाईनं लिहिलेलं खोडायचं नाही. दरवर्षी रजा काढून ते नदीकाठचा एक एक तुकडा पेन्सिलीतून शाईत आणत. मी राहायला गेलो तेव्हा शाई चामोर्शीच्या पुढे पोचली होती. तिथून समुद्रापर्यंत पेन्सिल.

पेन्सिलीसाठी ते कोणालाही धरत. ट्रकवाला, गँगमन, तांदळाचा दलाल, कोणीही तिकडून आला असं कळलं की हे हजर. एकदा त्यांनी एका तेलुगू गवंड्याला जेवायलाच घरी आणलं. गवंड्याला मराठी जेमतेम येत होतं. समुद्राजवळ नदीला किती फाटे फुटतात, हे त्याला बोलून सांगता येईना, तेव्हा त्यानं ताटातल्या भाताचा ढीग केला आणि बोटानं त्यात वाटा पाडून वरण सोडलं. वरण चार वाटांनी ताटाच्या काठाकडे निघालं. हे एकदम ओरडले, "हात धुवू नको! जेवूबी नको! थांब!" आणि वही आणायला आत पळाले. तो बिचारा बोटं वर धरून बसून राहिला. काकू म्हणाल्या, "खाऊ द्या ना त्याले. थंडं होऊन राहिलं." हे गुडघ्यावर बसून ताटाचा नकाशा काढत होते. उजवीकडच्या वाटेला कालव्याचा काठ आहे, सपाट आहे, नारळाची सावली आहे. शेवटचे दोन कोस रेती. ओहोटी असेल तर ओली रेती टणक असते, तिच्यावर चाक रुतत नाही. हे सगळं त्या दिवशी वहीत आलं. ओहोटी म्हणजे काय, हे आम्हां तिघांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

मैलाच्या दगडांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते पुढच्या चाकाच्या एका आरीला तांबडी चिंधी बांधत आणि तिचे फेरे मोजत. शंभर फेरे झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. मोजताना ते बोलत नसत. एकदा रस्त्यात त्यांचे व्याही भेटले, त्यांनी हाक मारली, हात जोडले. हे तसेच ओठ हलवत पुढे गेले, बरंच पुढे जाऊन थांबले आणि तिथून ओरडले, "आता बोला! शंभर झाले!" व्याही दोन वर्षं रुसले होते. सायकलीची घंटी त्यांनी काढून टाकलेली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मी कोणाले बाजूले हो म्हणत नाही."

हे सगळं मी कॉलेजात मित्रांना नक्कल करून सांगायचो आणि खूप हशा मिळवायचो. पाण्याच्या रकान्याबद्दल मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

तो रकाना मला एका रविवारी कळला. ते मला कुहीच्या बाजूला घेऊन गेले होते. त्यांच्या सायकलीला पाण्यानं भरलेली कापडी छागल लटकत होती, तरी एका गावात ते एका घरासमोर उतरले. ओसरीवर एक म्हातारी तूर निवडत होती. यांनी आधी आपलं नाव, आडनाव, आणि आपण बौद्ध असल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "मायबाई, पाणी पाह्यजे होतं."

म्हातारीनं तूर बाजूला सारली. मग आतून पाण्याचा गडवा आणला आणि ओसरीच्या कडेवर उभी राहून म्हणाली, "धर ओंजळ."

यांनी ओंजळ धरली नाही. "राहू दे माय," म्हणाले. वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि पाण्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला: "वरून."

मग म्हातारीनं मला विचारलं, "तू कोणाचा रे बाबू?" मी नाव सांगितलं. तिनं पितळी पेला भरून माझ्या हातात दिला. मी प्यालो. तहान लागली होती, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

परत येताना मी खाली मान घालून सायकल चालवत होतो. तेच म्हणाले, "बरं केलं पेलास. तोंड सुकलं होतं तुहं."

मी विचारलं, "काकाजी, तुमच्याजवळ पाणी आहे. मग मागता कशाला? आणि आधी नाव कशाला सांगता?"

"पाणी माह्यापाशी हाय. मले रस्ता पाह्यजे," ते म्हणाले. "नाव न सांगता पाणी त कोणालेबी भेटते. मंग ते वहीत लिहून काय फायदा? माह्या मागून कोणी आमचा पोरगा जाईन, त्याले समजलं पाह्यजे का कुठं उतराचं अन् कुठं नाही उतराचं. आमच्या कचेरीच्या नकाशात सगळ्या इहिरी हायेत. पाणी एकाही इहिरीत नाही."

त्या रकान्यात बहुतेक तीनच शब्द येत: मिळते, वरून, नाही. मी नंतर वही चाळली. "मिळते" फार कमी वेळा होतं. जिथं होतं, तिथं अक्षर जरा मोठं काढलेलं होतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि जानेवारीत निघणार होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, आपलंच बारीक अक्षर त्यांना वाचता येईना. माझं अक्षर बरं आहे, म्हणून त्यांनी मला वही मोठ्या अक्षरात उतरवून द्यायला सांगितलं. शाईचं शाईनं, पेन्सिलीचं पेन्सिलीनं. मी रोज कॉलेजातून आलो की ओट्यावर बसून चार-पाच पानं उतरवत असे. उमरेड झालं, भिवापूर झालं, पवनी झाली. नदी ओलांडली आणि पुढच्या पानावर माझं गाव आलं.

पाण्याच्या रकान्यात शाईनं लिहिलं होतं: "नाही. इहीर गावाच्या मधात. नाव सांगतल्यावर दोर वर ओढून घेतला."

ती विहीर आमच्या अंगणाला लागून आहे. तिचा दोर आमच्याच घरी असतो.

"काहून थांबला गा?" त्यांनी विचारलं.

"हे माझं गाव आहे काकाजी."

ते माझ्या जवळ येऊन बसले. मग म्हणाले, "बारा वर्सं झाले त्या गोष्टीले. आता पोरं शिकून राहिले. बदललंबी असन. तू त्या गावचा. तूच सांग, काय लिहाचं."

मला काय माहीत होतं ते मी सांगायला हवं होतं. त्याच उन्हाळ्यात मी त्या विहिरीवर काय काय पाहिलं होतं. पण त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं होतं, आणि मी त्यांच्या घरी दीड वर्ष जेवलो होतो, आणि ते माझंच गाव होतं.

"बदललं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि नव्या पानावर स्वतः लिहिलं: "मिळते." समासात माझं नाव घातलं. दुसऱ्याच्या शब्दावर शाईनं केलेली ती वहीतली एकुलती एक नोंद. मग आत तोंड करून ओरडले, "आयकलं का वं? बाबूचं गाव बदललं!"

काकू चुलीपाशी होत्या. "गावं अशी बदलतात काय?" त्या आतूनच म्हणाल्या. "बदललं असन त बरंच हाय."

पहिल्या मुक्कामाचं ठिकाण बदलून त्यांनी दुसऱ्या दिवशीचा मुक्काम माझ्या गावी ठरवला. "तुह्या घरी जेवीन. तुह्या मायच्या हातचं," म्हणाले. निघायला महिनाभर होता. त्या महिन्यात रोज खरं सांगायचं ठरवून मी रोज गप्प राहिलो. शेवटी घरी कार्ड टाकलं: "माझे घरमालक पुढच्या आठवड्यात सायकलीने आपल्याकडे येतील. वयस्क, सज्जन, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. मला मुलासारखे वागवतात. त्यांना काही कमी पडू देऊ नये." कार्ड मी दोनदा वाचलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. वाटलं, बाबा त्यांना आधी बसवतील, पाणी देतील, बोलणं होईल, ओळख होईल. मग नाव कळलं तरी काय.

ते निघाले त्या सकाळी काकूंनी छागल भरून दिली. गल्लीतले लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, "येताना शंख आणजा काकाजी!" ते मोजायला लागले होते, म्हणून बोलले नाहीत, फक्त हात हलवला.

चौथ्या दिवशी दुपारी ते परत आले. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. सायकल भिंतीला लावून ते माझ्या शेजारी टेकले आणि चपला काढल्या.

"काय झालं काकाजी?"

"काही नाही. गुडघा." मग गुडघा चोळत म्हणाले, "पुढचं सगळं पेन्सिलीनं हाय ना बाबू. कोणाच्या तरी सांगण्यावरचं. या वयात त्याच्या भरवशावर नाही जमत."

"आमच्या गावी गेला होता?"

"गेलो होतो. चांगली नदी हाय तुमची. पात्र मोठं हाय." एवढं बोलून ते उठले आणि हातपाय धुवायला गेले.

घरून काही पत्र आलं नाही. मी काही विचारलं नाही. सगळं नीट पार पडलं असेल, असं धरून चाललो, कारण तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर त्यांनी कोणाला रस्ता विचारला नाही. तो तेलुगू गवंडी एकदा मुद्दाम आला, भावाकडून आणखी काही माहिती घेऊन. यांनी त्याला चहा पाजला आणि मोतीबिंदूबद्दल बोलत राहिले. गल्लीतले लोक सोडत नव्हते. "काय काकाजी, समुद्र उमरेडलेच भेटला काय?" ते हसत. त्यांच्यासोबत मीही हसायचो. तिसऱ्या वर्षी मला हॉस्टेलात जागा मिळाली. माझी ट्रंक त्यांनीच सायकलीच्या कॅरिअरला बांधून हॉस्टेलपर्यंत चालत आणून दिली, आणि मला अभ्यासाबद्दल चार शब्द सांगून गेले. हॉस्टेलातून नंदनवन सायकलीनं वीस मिनिटांवर आहे. पुढचं एम.ए. धरून दोन-अडीच वर्षांत मी तिकडे तीनदा गेलो.

श्रावणात ते गेल्याचं कळलं तेव्हा चौथ्यांदा गेलो. काकूंनी आधी माझ्यासाठी पाणी आणलं. मी ते प्यालो. मग म्हटलं, "काकाजींचं समुद्र पाहायचं राहून गेलं." काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हो. राहून गेलं." त्यांना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा हा लेख लिहायला घेतला. चिंचोके लिहून झाले, ताटातला भात लिहून झाला. बाबा शेतात गेले होते. धाकटी बहीण भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती, तिला वाचून दाखवला. ती आधी हसली. मग म्हणाली, "हा तोच सायकलवाला काय? आपल्या घरी आला होता तो?"

"तुला आठवतो?"

"आठवन नाही त काय? मी अकरा वर्सांची होती. तुहं कार्ड आलं म्हणून बाबांनी सकाळपासून अंगण सारवाले लावलं. मायनं गोळाभात केला होता. तो आला, बाबा सोता फाटकापर्यंत गेले त्याले घ्याले. बाजेवर सतरंजी टाकून बसवलं. मी लोटा नेला."

"मग?"

"त्यानं हात पुढं केला अन् मागं घेतला. म्हणे, थांब बाई, आधी माहं नाव आयकून घ्या. सांगतलं नाव. बाबा इहिरीकडं पाहत राह्यले. लई वेळ. मंग मले म्हणे, लोटा आत ने वं."

ती शेंगा सोलायची थांबली होती.

"मी नेला," ती म्हणाली. "मले काय समजत होतं? तो मले म्हणे, हळू जाय बाई, जड हाय लोटा, सांडीन. मंग त्यानं एक वही काढली. पेनचं टोपण उघडलं. पाहत बसला वहीत. मंग टोपण लावलं अन् पेन ठेवून देला खिशात. काहीच लिवलं नाही. उठला अन् बाबाले म्हणे, पोराले नका सांगू, त्याची परीक्षा जवळ हाय. अन् गेला नदीकडं. म्हणून बाबांनी कोणालेच सांगू देल्लं नाही तुले."

नंतर बराच वेळ ती माझ्या हातातल्या कागदांकडे पाहत होती. पुढच्या वर्षी तिला मॅट्रिकला बसायचं आहे. माझ्यासारखंच नागपूरला शिकायचं म्हणते.

"दादा," ती म्हणाली, "तुले त सगळं माहीत होतं. मंग कार्डावर त्याचं नाव काहून नाही लिवलं तू?"